कलमापक सेन्सर एका तापमानावर कसा धरावा : पीटीसी हीटरची जुळणी

पुलाच्या खांबावर, धरणाच्या भिंतीवर किंवा दरडप्रवण उतारावर बसवलेल्या कलमापकाच्या (किती कलले हे मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या की बहुतेकांना एकच चित्र दिसते : भिंत रोज दुपारी एका बाजूला झुकते आणि पहाटेपर्यंत परत सरळ होते. यात थोडा भाग खरा असतो, कारण उन्हाने तापलेली बाजू प्रसरण पावते आणि बांधकाम खरोखरच किंचित वाकते. उरलेला भाग भिंतीचा नसून आतल्या सेन्सरचा असतो, कारण तोही त्याच उन्हाने तापलेला असतो. दोन्हींचा फेरा चोवीस तासांचाच असल्यामुळे कितीही चांगला गणिती फिल्टर लावला तरी खरी हालचाल आणि सेन्सरची चूक यांची फारकत करता येत नाही. म्हणूनच सेन्सरला दिवस-रात्रीचा पत्ताच लागू न देणे हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि त्यासाठी स्वतःला आवरणारा, म्हणजे पीटीसी प्रकारचा (तापला की ज्याचा विद्युत रोध वाढतो असा) हीटर कसा वापरावा हे येथे तपशीलवार मांडले आहे.

आधी आकडे पाहू. आज कलमापनासाठी लोकप्रिय असलेल्या एडीएक्सएल ३५५ या त्वरणमापक चिपच्या माहितीपत्रकात शून्यबिंदूचे (काहीच कल नसताना दिसणाऱ्या आकड्याचे) सरकणे दर अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ०.१५ मिलि-जी असे दिलेले आहे. जी म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वत्वरण; चिप कलली की त्याचा जेवढा भाग तिच्या अक्षावर येतो त्यावरून कल कळतो. एक मिलि-जी म्हणजे एक मिलिरेडियन कल, म्हणजेच एका मीटरला एक मिलिमीटर. पहाट आणि दुपार यांच्यात पेटीच्या आतले तापमान ३० अंशांनी बदलले, तर सर्वांत वाईट स्थितीत सेन्सर ४.५ मिलि-जी, म्हणजे मीटरला साडेचार मिलिमीटर इतका खोटा कल दाखवेल. जायरोचेही, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचेही, तेच आहे. बॉशच्या बीएमआय ०८८ मध्ये शून्यबिंदू दर अंशाला साधारण ०.०१५ अंश प्रतिसेकंद इतका सरकतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण तासाच्या हिशेबात तो ५४ अंश होतो, आणि पृथ्वी स्वतः तासाला फक्त १५ अंश फिरते.

तापमान धरून ठेवण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एमआयटीच्या ज्या प्रयोगशाळेने चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या नेतृत्वाखाली अपोलो मोहिमांचे दिशादर्शन उभे केले, तिथले जायरो दाट द्रवात तरंगते ठेवलेले असत. तापमान बदलले की द्रवाची घनता बदलते आणि तरंगण्याचा तोल बिघडतो, म्हणून ते जायरो ठरावीक तापमानावर तापते ठेवावे लागत. आजच्या ड्रोनच्या नियंत्रकांतही हीच युक्ती आहे. आर्डुपायलट या ड्रोन चालवणाऱ्या मुक्त प्रणालीत जडत्व-सेन्सरचे (त्वरणमापक आणि जायरो यांचे) लक्ष्य-तापमान ठरवण्यासाठी स्वतंत्र सेटिंग दिलेले असते.

हीटर स्वतःला कसा आवरतो

पीटीसी हीटरची वडी बेरियम टायटनेट या सिरॅमिकची असते. त्यात अगदी अल्प प्रमाणात दुसरे मूलद्रव्य मिसळून ते अर्धवाहक केलेले असते. एका विशिष्ट तापमानाच्या आसपास या सिरॅमिकच्या कणांमधल्या सीमांवर विजेला अडथळा उभा राहतो आणि काही दहा अंशांच्या आतच रोध हजारो पटींनी वाढतो. शुद्ध बेरियम टायटनेटमध्ये हे संक्रमण १२० अंशांच्या सुमारास होते. काही बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले तर ते खाली येते, शिसे घातले तर वर जाते. त्यामुळे बाजारात ४०, ५०, ६० अशा वेगवेगळ्या तापमानांना आवरणाऱ्या वड्या मिळतात. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, आपल्या यंत्राची कंपनसंख्या धरणाऱ्या क्रिस्टलला ४० अंशांचा असाच लहानसा हीटर चिमट्यासारखा लावतात.

ठरावीक व्होल्टेजवर हीटरची शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. बाहेर गारठा वाढला की वडी किंचित निवते, रोध उतरतो, प्रवाह वाढतो आणि जास्त उष्णता निर्माण होते. बाहेर तापले की याच्या उलट घडते. यात ना ट्रान्झिस्टर, ना प्रोग्रॅम, ना खटखट चालू-बंद होणारा रिले. मायक्रो-जीमध्ये मोजणाऱ्या सेन्सरशेजारी हा शांतपणा फार मोलाचा आहे, कारण स्विचिंगचा गोंगाट सेन्सरच्या तारांत सहज शिरतो.

मात्र येथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो आधीच दूर करणे आवश्यक आहे. वडीवर ‘६० अंश’ असे लिहिलेले असले म्हणजे ती ६० अंशांवर खिळून राहते असे नाही. रोधाची चढण तीव्र असली तरी उभी भिंत नसते. समजा, कामाच्या बिंदूपाशी रोध दर अंशाला १५ टक्क्यांनी वाढतो, आणि आपल्या जुळणीतून बाहेर जाणारी उष्णता दर अंश फरकाला ०.०४५ वॅट आहे. बाहेर ४० अंश असताना ठोकळा (ज्यात सेन्सर बसवला आहे आणि ज्याला हीटर तापवतो तो धातूचा तुकडा) ६० अंशांवर स्थिरावला असेल, तर हीटर ०.९ वॅट देत आहे. आता बाहेरचे तापमान १० अंशांवर आले. हिशेब मांडल्यास ठोकळा सुमारे ५४.६ अंशांवर येऊन थांबतो आणि शक्ती २ वॅटपर्यंत चढते. म्हणजे बाहेरच्या ३० अंशांचे आत साडेपाच अंश झाले. साडेपाचपट सुधारणा ही चांगलीच आहे, पण मीटरला साडेचार मिलिमीटरची चूक फक्त ०.८ मिलिमीटरवर आली, शून्यावर नाही. पुरवठ्याचाही परिणाम होतो. याच जुळणीत बॅटरी १२ व्होल्टवरून चार्जिंगच्या वेळी १३.८ वर गेली, तर ठोकळा दीड अंशाहून अधिक तापतो. सौरपॅनेलवर चालणाऱ्या ठाण्यात हा चढउतारही पुन्हा रोज दुपारीच येतो, म्हणून हीटरला स्थिर केलेला पुरवठाच द्यावा.

या गणितातून माझे मत असे बनले आहे की पीटीसी हीटर ही उत्तम पहिली तटबंदी आहे. शेवटच्या शतांशापर्यंतचे काम दुसऱ्या, आतल्या थराकडे सोपवावे.

तापमान कोणते निवडावे

हीटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्यामुळे निवडलेले तापमान पेटीच्या आतल्या सर्वाधिक संभाव्य तापमानापेक्षा निदान दहा अंश वर हवे. पुण्यासारख्या ठिकाणी सावलीतल्या पेटीसाठी ६० अंश पुरतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेली लोखंडी पेटी त्याहून बरीच तापते. तेथे ७० अंशांकडे जाण्याआधी पेटीवर दुहेरी छप्पर घालावे, दोन पत्र्यांमध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडावी आणि वरचा पत्रा पांढरा रंगवावा. तापमान उगाच वर नेऊ नये : सेन्सरचा गोंगाट वाढतो, डिंक आणि सांधे लवकर म्हातारे होतात, आणि विजेचा खर्च दर अंशामागे वाढत जातो. सेन्सरच्या माहितीपत्रकातली कमाल मर्यादा ८५ अंश असेल, तर बिघाडाच्या वेळीही ती ओलांडली जाणार नाही असा हिशेब ठेवावा.

ठोकळा, फोम आणि तारा

सेन्सरचा लहान बोर्ड अॅल्युमिनियमच्या सुमारे ५० ग्रॅमच्या ठोकळ्यात खाच करून बसवावा आणि वर त्याच धातूचे झाकण द्यावे, म्हणजे सेन्सर सर्व बाजूंनी एकाच तापमानाच्या धातूने वेढला जाईल. एवढ्या ठोकळ्याची उष्णताधारणा साधारण ४५ जूल प्रतिअंश भरते. ठोकळ्याभोवती सर्व बाजूंनी १५ मिलिमीटर जाडीचा, बंद पेशींचा फोम लावावा. साध्या थर्माकोलच्या मण्यांमध्ये फटी असतात आणि पावसाळ्यात त्यांत ओल शिरते. कोकणात चार महिने हवा ओलीच असते, म्हणून तेथे दाबून घट्ट केलेला, कापल्यावर काठ गुळगुळीत दिसणारा फोमच वापरावा.

४० मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्याला असा फोम लावला की फोममधून होणारी गळती ०.०३५ वॅट प्रतिअंशाच्या आसपास येते. बहुतेक जण येथेच थांबतात आणि तारांना विसरतात. तांब्याची ०.२ चौरस मिलिमीटरची, ५ सेंटिमीटर लांबीची एक तार दर अंशाला ०.००१६ वॅट बाहेर नेते. अशा सहा तारा मिळून जवळजवळ ०.०१ वॅट, म्हणजे सगळ्या गळतीचा पाचवा हिस्सा, आणि तोही एकाच कोपऱ्यातून. त्यामुळे तारा बारीक घ्याव्यात, आणि फोममधून बाहेर काढण्यापूर्वी ठोकळ्याभोवती एक-दोन वेढे देऊन त्याला चिकटवाव्यात, म्हणजे बाहेरचा गारवा थेट सेन्सरच्या पिनांपर्यंत न पोचता आधी ठोकळ्यात विरेल. व्होल्टेज रेग्युलेटर आणि मायक्रोकंट्रोलर फोमच्या बाहेरच ठेवावेत. त्यांची उष्णता कामाप्रमाणे कमी-जास्त होत असते.

पीटीसीच्या वडीला दोन्ही तोंडांवर धातूचा लेप असतो आणि तीच तिची विद्युत टोके असतात. म्हणून ती उघड्या ठोकळ्यावर ठेवली तर ठोकळ्यात वीज उतरते. मध्ये पॉलिइमाइडची पातळ पट्टी किंवा अॅल्युमिनाची चकती घालावी, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्यावा आणि वडी स्प्रिंगच्या पट्टीने दाबून धरावी. कडक इपॉक्सीने चिकटवलेली वडी थंड-गरम होता होता तडकते. सोल्डरिंगची इस्त्रीही तिला फार वेळ लावू नये. वड्या दोन घ्यायच्या झाल्यास ठोकळ्याच्या समोरासमोरच्या तोंडांवर, समांतर जोडणीत घ्याव्यात. एकसर जोडणी कधीही करू नये : जी वडी आधी तापते तिचा रोध वाढतो, सगळे व्होल्टेज तिच्याच वाट्याला येते आणि दुसरी थंडच राहते.

वडीचा थंड असतानाचा रोध पुरवठ्याशी जुळवून घ्यावा. १२ व्होल्टला २४ ओहम म्हणजे सुरुवातीला अर्धा अँपिअर आणि ६ वॅट. तापू लागल्यावर रोध आधी थोडा उतरतो आणि मगच चढतो, त्यामुळे प्रवाहाचे शिखर बटण दाबल्याच्या क्षणी नसून काही वेळाने येते. पुरवठा आणि फ्यूज त्या शिखराला पुरेल असा निवडावा, नाहीतर हिवाळ्यातल्या पहिल्याच पहाटे ठाणे बंद पडलेले आढळेल.

आतला थर

खऱ्या अर्थाने सूक्ष्म काम हवे असेल, तर पीटीसीच्या ठोकळ्याच्या आत पातळ फोमने वेगळा केलेला दुसरा लहान ठोकळा ठेवावा. त्यावर साधा रोधक हीटर, १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक) आणि अनुपाती-संकलक नियंत्रण द्यावे. यातला अनुपाती भाग तापमानातल्या चुकीच्या प्रमाणात उष्णता देतो, आणि संकलक भाग साचत गेलेली चूक भरून काढतो. बाहेरचा थर ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान हलत असेल, तर आतला ६६ अंशांवर धरावा. आतल्या नियंत्रणाला आता ३० अंशांशी झुंजायचे नसून केवळ साडेपाच अंशांशी झुंजायचे आहे. चढउतार शंभरपट दाबला तरी तेवढेच त्याला ०.०५ अंशाच्या घरात आणून सोडते, आणि मग कलातली चूक मीटरला शतांश मिलिमीटरपर्यंत उतरते.

नियंत्रण जुळवताना आधी फक्त अनुपाती भाग हळूहळू वाढवत न्यावा. तापमान लाटेसारखे वरखाली डोलू लागले की त्या मूल्याच्या निम्म्याहून थोडे कमी ठेवावे आणि मग संकलक भाग मंद गतीने जोडावा. घाई केल्यास एक मंद लाट उरते आणि ती कलाच्या नोंदीत खऱ्या हालचालीसारखी दिसते. आतल्या हीटरच्या ट्रान्झिस्टरला थेट प्रवाह द्यावा, स्विचिंगने नव्हे. ट्रान्झिस्टर बिघडून आतून शॉर्ट झाला तर हीटर पूर्ण ताकदीने चालू राहतो, म्हणून रोधकाचे मूल्य असे निवडावे की पूर्ण प्रवाहातही आतला ठोकळा ८० अंशांपलीकडे जाणार नाही, आणि शेजारी एक थर्मल फ्यूज बसवावा. बाहेरच्या पीटीसीला असल्या पहारेकऱ्याची गरज पडत नाही, आणि तो बाहेर वापरण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे.

थर्मिस्टर कुठे बसवला आहे यावर सगळे अवलंबून असते, हे मी चांगलेच शिकलो आहे. माझ्या एका सुरुवातीच्या जुळणीत मी थर्मिस्टर सोयीसाठी हीटरशेजारी चिकटवला होता. ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट घासलेल्या जड लादीवर, ती पेटी ठेवली, थर्मिस्टरचा आकडा दोन शतांश अंशांच्या आत स्थिर होता, आणि तरीही टेबलफॅन सुरू करून पेटीच्या एका बाजूला वळवला की दहा मिनिटांत कल ०.३ मिलि-जीने सरकत असे. फॅन बंद केला की परत येत असे. प्लेट अर्थातच हलत नव्हती. वाऱ्याची बाजू निवत होती, नियंत्रण आपल्या बाजूला जास्त उष्णता ओतत होते, थर्मिस्टर समाधानी होता, आणि मध्ये बसलेल्या सेन्सरच्या दोन कडांमध्ये तापमानाचा उतार तयार होत होता. थर्मिस्टर सेन्सरच्या अगदी पाठीशी हलवला आणि हीटर दोन्ही बाजूंना वाटून दिले, तेव्हा तीच फॅनची चाचणी जवळजवळ सपाट रेषा देऊ लागली. तेव्हापासून नवीन पेटी केली की मी तिच्यावर फॅन प्रत्येक बाजूने फिरवतो. या चाचणीतून जे दिसते ते थर्मिस्टरच्या आकड्यातून कधीही दिसत नाही.

यांत्रिक ताणाबद्दलही एक गोष्ट. अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग प्रसरण पावते आणि सर्किट बोर्ड साधारण १५. चारही कोपऱ्यांत घट्ट आवळलेला बोर्ड तापल्यावर धनुष्यासारखा वाकतो, तो ताण चिपच्या आवरणातून आतल्या सूक्ष्म रचनेपर्यंत पोचतो आणि शून्यबिंदू सरकतो. तीनच आधार द्यावेत, त्यांपैकी एकच पक्का आवळावा, आणि सेन्सरभोवती बोर्डात घोड्याच्या नालेसारखी खाच कापून घ्यावी.

गरम असतानाच जुळवणी

सुरू केल्यावर लगेच मोजणी करू नये. ४५ जूल आणि ०.०४५ वॅट यांचा भागाकार १००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे इतका येतो. हा ठोकळ्याचा काळ-स्थिरांक, म्हणजे तो किती सावकाश तापतो-निवतो याचे माप. हीटर ठोकळ्याला त्याआधीच तापवतो, पण फोम आणि बोर्ड मागाहून सावकाश येतात. मी निदान तीन तास थांबतो आणि महत्त्वाच्या कामासाठी रात्रभर.

त्यानंतर पेटी प्रत्येक अक्षाची दोन्ही तोंडे खाली करत सहा स्थितींत प्लेटवर ठेवावी. प्रत्येक अक्षाच्या दोन उलट स्थितींच्या सरासरीतून शून्यबिंदू मिळतो आणि फरकातून प्रमाण-गुणक, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या मूल्यात बदलणारा गुणक. स्थिती बदलली की पेटीतली हवाही वेगळ्या दिशेने वर चढते, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा स्थिरावू द्यावे. खोलीच्या तापमानावर केलेली जुळवणी या सेन्सरच्या काही कामाची नाही, कारण तो आयुष्यभर ६६ अंशांवर काम करणार आहे.

मग पेटी घरच्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर एक रात्र ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पत्र्याच्या डब्यात घालून उन्हात. फ्रिजचा कॉम्प्रेसर हादरे देतो, तेव्हा त्यातली सरासरी तासाभराची घ्यावी. दोन्ही टोकांमधला कलाचा फरक हा आपल्या जुळणीचा खरा दर्जा. जो काही थोडा उरेल, तो चिपच्या आतल्या तापमान-सेन्सरशी सरळ रेषेने जोडून सॉफ्टवेअरमध्ये वजा करावा. हीटर असताना ही दुरुस्ती लहान आणि विश्वासार्ह असते. हीटरशिवाय तीच दुरुस्ती मोठी असते, आणि तापमान चढताना व उतरताना तिचे मूल्य वेगवेगळे येत असल्यामुळे ती फसवते.

शेवटी, हीटरचा प्रवाहही दर दहा मिनिटांनी नोंदवत जावा. आपल्या उदाहरणात १२ व्होल्टवर थंड पहाटे तो सुमारे १७० मिलिअँपिअर आणि तापलेल्या दुपारी ७५ मिलिअँपिअर असेल. त्याच बाहेरच्या तापमानाला प्रवाह आठवड्यागणिक वाढत चालला, तर फोममध्ये पाणी शिरू लागले आहे किंवा झाकणाची वादी सैल झाली आहे असे समजावे. दिवस-रात्रीचा फरक पुसट झाला आणि प्रवाह सतत फारच कमी राहिला, तर वडी ठोकळ्यापासून सुटली आहे : ती एकटीच तापून आवरली गेली आहे आणि ठोकळा निवत आहे. जून ते सप्टेंबरच्या नोंदी ऑक्टोबरमध्ये काढून मे महिन्याच्या नोंदींशेजारी ठेवाव्यात, आणि प्रवाह दहा टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला तर पेटी उघडून फोम बदलावा, सिलिका जेलची पुडी नवी घालावी आणि सहा स्थितींची जुळवणी पुन्हा करावी.